लाकूडतोड झालेली जमीन आणि पांढऱ्या शेपटीची हरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया या पट्ट्यात रानाची जमीन घेतलेल्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुणी शिकारीसाठी जमीन घेतली आहे, कुणी नुसती गुंतवणूक म्हणून. कुणाच्या जमिनीवर आधीच्या मालकाने सगळं लाकूड विकून रान उघडं करून ठेवलं आहे. उत्तरं ओक, मेपल, चेरी, बीच अशा पानगळीच्या रानाला धरून लिहिली आहेत. दक्षिणेकडच्या पाइनच्या लागवडीसाठी प्रश्न १५ पाहा. कायद्याचे तपशील मुख्यतः पेनसिल्व्हेनियाचे आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम आधी तपासा.

१. झाडं तोडली की हरणं निघून जातील ना?

उलट येतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण गवतावर जगणारं जनावर नाही. ते निवडून निवडून खातं: कोवळे शेंडे, पालवी, रुंद पानांच्या वनस्पती, काटेरी वेलींची पानं आणि शरदात ओकची फळं, म्हणजे एकॉर्न. जुन्या, दाट रानात पालवी असते, पण ती पन्नास-साठ फुटांवर. हरणाचं तोंड पोचतं साधारण चार-पाच फुटांपर्यंत. त्या उंचीवर जुन्या रानात बहुतेक वेळा काहीच नसतं, कारण खाली उजेड पोचत नाही. छत मोकळं झालं की जमिनीत वर्षानुवर्षं पडून असलेलं बी उगवतं, बुडख्यांना धुमारे फुटतात आणि सगळा चारा एकदम हरणाच्या तोंडाशी येतो.

या राज्याचा इतिहासच त्याची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियात हरणं जवळजवळ संपली होती. १९०६ मध्ये राज्याने मिशिगनहून हरणं आणून सोडली. त्याच सुमारास इमारती लाकूड आणि कातडी कमावण्यासाठी लागणारी हेमलॉक या सदाहरित, सुईपर्णी झाडाची साल यांच्या मागे लागून डोंगरच्या डोंगर उघडे केले गेले होते. त्यावर जे कोवळं रान फुटलं, त्यात ही हरणं अशी वाढली की पुढच्या दोन-तीन दशकांत हरणं कमी असल्याची चिंता मागे पडली आणि जास्त झाल्याची सुरू झाली. त्या दुसऱ्या चिंतेतून हे राज्य अजून बाहेर आलेलं नाही (प्रश्न ७).

२. तोडीनंतर कुठल्या वर्षी काय उगवतं?

पहिल्या हिवाळ्यात खाली पडलेले शेंडे हाच चारा. करवतीचा आवाज थांबला की त्याच संध्याकाळी हरणं ताज्या फांद्यांच्या कळ्या खायला येतात, हे लाकूडतोडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात पोकवीड, रॅगवीड, ब्लॅकबेरी, ग्रीनब्रायर आणि बुडख्यांचे फुटवे येतात. शेतकऱ्याच्या नजरेला हे सगळं तण वाटेल, हरणाला ते जेवण आहे. रॅगवीड आणि पोकवीड हे तर हरणांच्या उन्हाळी चाऱ्यातले उत्तम घटक.

तिसऱ्या वर्षापासून दहाव्यापर्यंत गचपण वाढत जातं. चारा हळूहळू कमी होतो आणि आडोसा वाढतो. हरणं दिवसा इथेच बसतात, माद्या इथेच वितात.

दहा-पंधरा वर्षांनी कोवळ्या झाडांची डोकी एकमेकांना भिडतात आणि खाली पुन्हा अंधार होतो. तिथून पुढची बरीच वर्षं त्या तुकड्यात हरणासाठी फारसं काही उरत नाही. या टप्प्यावर काय करायचं ते प्रश्न १६ मध्ये.

३. मग सगळी जमीन एकदमच उघडी करू का?

नको. सगळी एकदम तोडली तर पाच वर्षं चाऱ्याची चंगळ होईल आणि पंधरा वर्षांनी सगळीकडे एकाच वेळी अंधार. तुकड्या-तुकड्यांनी तोडा. पन्नास एकर असतील तर तीन ते सात एकरांचा एक तुकडा आत्ता, दुसरा सहा-सात वर्षांनी, तिसरा त्यानंतर. म्हणजे जमिनीवर कायम एखादा तुकडा चाऱ्याच्या वयात असतो आणि एखादा आडोशाच्या.

तुकडा अगदी छोटा ठेवला, अर्धा-पाऊण एकराचा, तर दोन अडचणी येतात. बाजूच्या झाडांची सावली पडून उजेड पुरत नाही, आणि आसपासची सगळी हरणं तेवढ्याच जागेवर तुटून पडल्याने काहीच वर येत नाही. कडा सरळ न ठेवता वेड्यावाकड्या ठेवा.

काय तोडायचं यापेक्षा काय ठेवायचं ते आधी ठरवा. चांगली एकॉर्न देणारे व्हाइट ओक आणि रेड ओक, जुनी सफरचंदाची झाडं, ओढ्याकाठचे हेमलॉक. व्हाइट ओकचं फळ एका हंगामात पिकतं, रेड ओकला दोन हंगाम लागतात. त्यामुळे एका वसंतातल्या हिमाने दोघांचंही पीक एकाच शरदात बुडत नाही. म्हणून दोन्ही राखा. बर्फाच्या दिवसांत हेमलॉकखाली बर्फ कमी साचतो आणि वारा अडतो. तो आडोसा एकदा तोडला की तुमच्या हयातीत परत येत नाही.

४. ठेकेदार म्हणतो, "फक्त मोठी झाडं काढतो, रान तसंच राहील." हे बरं नाही का?

ऐकायला बरं, रानासाठी वाईट. या पद्धतीत सर्वांत सरळ, सर्वांत निरोगी आणि सर्वांत महाग झाडं जातात. मागे उरतात वाकडी, पोकळ, सावलीत खुरटलेली आणि कमी किमतीची. पुढचं बी त्यांचंच पडतं. छत थोडं-थोडंच उघडल्याने खाली जेमतेम उजेड पोचतो, त्यात बीच आणि स्ट्राइप्ड मेपल माजतात, आणि या दोघांना हरीण सहसा तोंड लावत नाही. पैसा गेला, ओक गेले, चाराही मिळाला नाही.

लाकूड विकत घेणाऱ्याने पाठवलेला माणूस आणि तुम्ही फी देऊन नेमलेला स्वतंत्र फॉरेस्टर हे दोन वेगळे लोक आहेत. दुसरा माणूस नेमा. तो झाडांवर रंगाच्या खुणा करेल, बंद लिफाफ्यात बोली मागवेल आणि करार लिहून घेईल. पेनसिल्व्हेनियात तोडीसाठी जमीन उकरली जाते तिथे मातीची धूप रोखण्याचा लेखी आराखडा लागतो. तो कोण करणार हेही करारात असू द्या. या एका बाबतीत पैसे वाचवू नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

ओकच्या रानात आणखी एक अट आहे. तोडीच्या आधी खाली ओकची रोपं उभी असली पाहिजेत. ती नसतील तर तोडीनंतर ओक येईल ही आशा धरू नका. अशा ठिकाणी फॉरेस्टर आधी अर्धवट छत मोकळं करून रोपं धरू देतो आणि काही वर्षांनी उरलेली झाडं काढतो.

५. आम्ही घेतली तेव्हा जमीन तोडलेलीच होती. आता सुरुवात कुठून करू?

ट्रॅक्टरने नाही, पायाने. मार्चमध्ये, पानं फुटायच्या आधी, एकदा सगळं फिरा आणि जूनमध्ये पुन्हा.

मार्चमध्ये गुडघाभर रोपांचे शेंडे हातात घेऊन पाहा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते फांदी खालच्या दातांत धरून ओढतं, म्हणून टोक चिंधीसारखं फाटलेलं दिसतं. सशाने खाल्लेलं टोक सुरीने तिरकं कापल्यासारखं स्वच्छ असतं. मेपल आणि ओकची सगळी रोपं फाटक्या टोकांची, एकाच उंचीला खुंटलेली आणि झुडपासारखी झालेली असतील, तर तुमच्याकडे हरणं चाऱ्यापेक्षा जास्त आहेत. बीचसुद्धा कुरतडलेलं दिसलं तर समजा की ती उपाशी आहेत.

जूनमध्ये जमिनीकडे पाहा. ब्लॅकबेरी दिसते का? ट्रिलियमची फुलं आहेत का, आणि असली तर किती उंच? ट्रिलियम हरणाला फार आवडतं. सारखं खाल्लं गेलं की ते वर्षागणिक खुजं होत जातं आणि फुलायचं थांबतं. ब्लॅकबेरी भरपूर असेल तर घाई करू नका, रान स्वतःच सावरतंय. सगळीकडे नेचे असतील तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

६. तोडलेल्या जागेवर कमरेएवढे नेचेच नेचे आहेत. हिरवंगार दिसतं, मग अडचण काय?

अडचण मोठी आहे. तो बहुधा हे-सेंटेड फर्न असणार. पान चुरगळलं की वाळलेल्या गवताचा वास येतो. हरीण त्याला खात नाही, म्हणून बाकी सगळं खाल्लं गेल्यावर तोच उरतो. त्याची आडवी खोडं जमिनीखालून पसरतात आणि वरच्या पानांची सावली इतकी दाट की खाली रोप तगत नाही. अशी जागा कितीतरी वर्षं तशीच अडकून राहते.

कापून तो जात नाही. या भागात सल्फोमेट्युरॉन मिथाइल हे तणनाशक वापरतात. बीच आणि स्ट्राइप्ड मेपलचाही सुळसुळाट असेल तर सोबत ग्लायफोसेट. फवारणी पानं पूर्ण उघडल्यानंतर, साधारण जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ग्लायफोसेट हवी ती रोपंही मारतं, म्हणून आधी पाहणी, मग फवारणी. लेबलवरचं प्रमाण आणि पाण्यापासून ठेवायचं अंतर कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्या क्षेत्रासाठी परवानाधारक माणूसच बोलवा.

नेचा मारला आणि हरणांची संख्या तशीच ठेवली, तर उगवणारं प्रत्येक रोप खाल्लं जाईल आणि नेचा परत येईल. हे दोन्ही एकत्र करायचं नसेल तर फवारणीचे पैसे खर्चू नका.

७. चारा वाढवला की झालं ना? माद्या मारायलाच हव्यात का?

हव्यात. सगळ्यांत जास्त वाद याच मुद्द्यावर होतो, आणि माझं मत ठाम आहे: शिकारीच्या जमिनीवर अधिवास सुधारण्याचं सर्वांत प्रभावी साधन म्हणजे माद्यांचा परवाना. क्लोव्हर या पेरायच्या चाऱ्याच्या बियाण्याचा नंबर त्याच्या खूप खाली लागतो.

अमेरिकेच्या वन खात्याने वायव्य पेनसिल्व्हेनियात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठी कुंपणं घालून एक प्रयोग सुरू केला आणि तो दहा वर्षं चालवला. कुंपणांत चौरस मैलाला १०, २०, ४० आणि ८० अशा प्रमाणात हरणं ठेवली. प्रत्येक कुंपणात काही भाग पूर्ण तोडलेला, काही विरळ केलेला, काही न तोडलेला. हरणं वाढत गेली तशी ब्लॅकबेरी आणि पिन चेरी गेली, झाडांच्या जाती कमी झाल्या, नेचे वाढले आणि हरणाला न आवडणारी ब्लॅक चेरी तेवढी उरली. चौरस मैलाला वीसच्या पुढे गेलं की रान नीट उभं राहत नाही, असा त्याचा सर्वसाधारण निष्कर्ष निघाला.

फक्त शिंगवाले नर मारल्याने संख्या कमी होत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि चांगल्या चाऱ्यावरची मादी बहुतेक वेळा जुळी पाडसं देते. चारा वाढवून माद्या न मारणं म्हणजे पुढच्या वर्षी खाणारी तोंडं वाढवणं. पेनसिल्व्हेनियात १९०७ पासून फक्त नर मारण्याचा कायदा होता. "मादी मारायची नाही" ही भावना तेव्हापासून इथल्या जुन्या शिकाऱ्यांच्या मनात घट्ट बसली आहे. भावना समजते, पण उघड्या तुकड्यात वर न येणारी रोपं खरी परिस्थिती सांगतात.

जमीनमालकासाठी गेम कमिशनची (राज्याच्या वन्यजीव खात्याची) डीमॅप नावाची योजना आहे. तिच्यातून तुमच्या जमिनीपुरते बिनशिंगी हरणांचे जादा परवाने मिळतात. अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करावा लागतो. तोडीच्या आधीच्या दोन वर्षांपासून आणि नंतरच्या पाच वर्षांपर्यंत ही योजना वापरा.

८. आम्ही शाकाहारी आहोत, बंदूक धरणार नाही. मग?

धरायला हवीच असं नाही. ओळखीच्या, जबाबदार शिकाऱ्यांना लेखी परवानगी द्या आणि अट घाला: आधी मादी, मग नर. पैसे न घेता लोकांना जमीन वापरू दिली तर १९६६ च्या राज्य कायद्याने मालकाला अपघाताच्या दाव्यांपासून बरंच संरक्षण मिळतं. भाडं घेतलं की ते संरक्षण राहत नाही, त्यामुळे भाडेकरार करायचा असेल तर विमा आणि वकील दोन्ही हवेत.

मांस वाया जाऊ नये ही काळजी अनेक घरांत असते. पेनसिल्व्हेनियात १९९१ पासून "हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट" हा उपक्रम चालू आहे. नेमलेल्या खाटकाकडे हरीण दिलं की मांस अन्नछत्रांना आणि गरजूंना पोचतं. परवानगीच्या पत्रातच हे लिहून ठेवा.

भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि आपण त्याच संस्कारात वाढलो, त्यामुळे मन कचरतं हे स्वाभाविक आहे. पण तिथे चितळ-सांबरामागे वाघ, बिबट्या आणि रानकुत्री आहेत. इथले लांडगे आणि प्यूमा केव्हाच संपले. अस्वलं आणि कोल्ह्यासारखे कायोटी पाडसं उचलतात, मोठ्या हरणांची संख्या मात्र ती आवरू शकत नाहीत.

९. क्लोव्हर कुठे पेरू?

ट्रकमध्ये लाकूड भरायची सपाट जागा, म्हणजे लँडिंग, आणि ओंडके ओढायचे रस्ते. तिथली माती यंत्रांनी दाबून घट्ट झालेली असते, झाड लवकर येणार नसतंच. नुसती सोडली तर पहिल्या पावसात वाहून जाईल. बाकी तोडलेल्या क्षेत्रात काही पेरू नका, तिथे रान स्वतः तुमच्यापेक्षा चांगलं पेरतं.

आधी माती परीक्षण. पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. रानातल्या मातीचा सामू इथे बहुधा ४ ते ५ च्या मध्ये निघतो आणि क्लोव्हरला ६ च्या वर लागतो. अहवालात सांगितलेला चुना टाकायचा. तो एकरी टनांत असतो, पोत्यांत नाही. चुन्याला काम करायला महिने लागतात, म्हणून पहिल्या शरदात नुसती राय (गव्हासारखं धान्य) पेरा. ती आम्ल मातीतही येते, माती धरून ठेवते आणि हिवाळ्यात हिरवी राहते. क्लोव्हर पुढच्या वर्षी.

१०. तोडीनंतरच्या फांद्या-शेंडे फार विद्रूप दिसतात. गोळा करून जाळू का?

जाळू नका. पडलेल्या शेंड्यांच्या जंजाळात हरणाला तोंड घालता येत नाही, आणि नेमकी तिथेच ओक-मेपलची रोपं सुटून वर येतात. दोन-तीन वर्षांत ढीग खाली बसतो. पायवाटा आणि शेजाऱ्याच्या हद्दीलगतची पट्टी तेवढी मोकळी करा.

११. आणि बुडखे? खणून काढले तर जमीन स्वच्छ होईल.

बुडखा हाच चारा आहे. वर झाड नसलं तरी खाली पूर्ण वाढलेल्या झाडाची मुळं असतात, आणि ती सगळी ताकद मूठभर फुटव्यांत ओततात. त्यामुळे रेड मेपलच्या बुडख्याचे धुमारे शेजारच्या बियांपासून आलेल्या रोपापेक्षा जोमदार आणि पोषक असतात. उन्हाळ्यात त्यांचा लालसर, मऊ गुच्छ दिसतो आणि आठवडाभराने पाहिलं तर नुसती देठं उरलेली असतात. काही जण दर दोन-तीन वर्षांनी, हिवाळा संपताना, निवडक बुडख्यांचे फुटवे पुन्हा छाटतात. हाताच्या करवतीने एका सकाळी होणारं काम आहे.

१२. ऑटम ऑलिव्ह आणि मल्टिफ्लोरा रोझच्या जाळीत हरणं बसतात. तरी काढायचं?

हो. ही दोन्ही बाहेरून आलेली, माजणारी झुडपं आहेत. ऑटम ऑलिव्ह एके काळी सरकारी यंत्रणांनीच वन्यजीवांसाठी म्हणून लावायला सांगितलं होतं. आता ते आवरत नाही. आडोसा मिळतो हे खरं, पण ते बाकी सगळं दाबून टाकतं. तोडीच्या आधी काढलं तर दहा झुडपं असतात. उजेड पडल्यावर त्यांची जाळी होते, म्हणून तोडीच्या दोन वर्षं आधीच हे काम उरका. जपानी बार्बेरी असेल तर ती पहिली, कारण तिच्या दमट सावलीत लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी जास्त आढळतात.

ट्री ऑफ हेवन या झाडाला नुसती करवत लावू नका. बुंधा कापला की मुळांमधून डझनांनी कोंब येतात. जुलैपासून पानं पिवळी पडायच्या आधीपर्यंत बुंध्यावर कुऱ्हाडीने खाचा घालून त्यांत तणनाशक सोडा, महिनाभर थांबा, मग तोडा. २०१४ मध्ये बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडलेला स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा उपद्रवी कीटक याच झाडावर पोसतो, हे आणखी एक कारण.

१३. मका टाकला किंवा मिठाची वीट ठेवली तर हरणं आपल्याकडे टिकतील का?

ठेवू नका. आमिषावर शिकार करणं पेनसिल्व्हेनियात बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि रोगनियंत्रण क्षेत्रांत हरणांना नुसतं खायला घालायलाही मनाई आहे. कारण आहे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हा मेंदूचा असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला आणि २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोचला. तो लाळ, मूत्र आणि विष्ठेतून पसरतो आणि त्याचं कारण असलेले प्रिऑन (बिघडलेली प्रथिनं) मातीत वर्षानुवर्षं टिकतात. एकाच विटेला वीस हरणांनी चाटणं म्हणजे रोगाला आमंत्रण. एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं. रोगाच्या क्षेत्रात मारलेल्या हरणाची तपासणी करून घ्या आणि रोग निघाला तर मांस खाऊ नका, असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

१४. या जमिनीवर कधी जाऊ नये?

मेअखेर ते जूनअखेर, प्रश्न ५ मधली जूनची पायी फेरी सोडून. पाडसं मेच्या शेवटी आणि जूनमध्ये जन्मतात. या काळात गवतकापणी, फवारणीची पूर्वतयारी, कुत्र्यांना मोकळं सोडणं, सगळं टाळा. वाटांवरचं गवत ऑगस्टमध्ये कापा. एकटं, निश्चल बसलेलं पाडस दिसलं तर ते पोरकं नसतं. आई मुद्दाम लांब थांबलेली असते. हात न लावता मागे फिरा.

शिकारीच्या हंगामात गचपणाच्या आत शिरू नका. त्याच्या कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा, आणि दोन-तीन अरुंद पट्ट्या आधीच छाटून ठेवा म्हणजे नजर पोचेल. सारखी माणसाची ये-जा झाली तर हरणं तिथे फक्त रात्री येतील. बंदुकीच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच चमकदार नारिंगी रंग अंगावर असणं बंधनकारक आहे.

१५. आमची जमीन जॉर्जियात आहे, लोब्लॉली पाइनची. हेच लागू पडतं का?

तत्त्व तेच, हत्यारं वेगळी. तिथे तोडीनंतर पुन्हा पाइन लावतात आणि रोपं दाट लावली तर काही वर्षांतच खाली अंधार होतो. विरळ लावा. पहिली विरळणी बारा-पंधराव्या वर्षाच्या आसपास, आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी नियंत्रित आग. जागा तयार करताना इमाझापायर हे तणनाशक वापरलं तर ब्लॅकबेरी आणि शेंगवर्गीय वनस्पती वाचतात, म्हणजे हरणाचा चारा राहतो. आगीसाठी राज्याच्या वनविभागाची परवानगी आणि अनुभवी माणूस दोन्ही लागतात.

१६. दहा-पंधरा वर्षांनी गचपणात अंधार झाला. आता पुन्हा सगळं तोडू?

नाही, ते लाकूड अजून विकण्याजोगं नाही. त्या तुकड्यात एकरी चाळीस-पन्नास चांगली ओक, चेरी, शुगर मेपलची रोपं निवडा आणि त्यांच्या डोक्याला भिडणारी शेजारची झाडं कापा. निवडलेल्यांना जागा मिळते, खाली उजेडाचे तुकडे पडतात, कापलेल्यांना पुन्हा धुमारे येतात. मोठा चारा मात्र आता दुसऱ्या तुकड्याने द्यायचा (प्रश्न ३).

१७. कुंपण घालावं का?

हरणं आवरणं तुमच्या हाती नसेल, म्हणजे आजूबाजूला शिकार बंद असलेल्या मोठ्या जमिनी असतील, तरच. आठ फूट उंच जाळी लागते. ती महाग आहे आणि फांदी पडली की दुरुस्ती करावी लागते. रोपं हरणाच्या तोंडाच्या वर गेली, साधारण पाच ते दहा वर्षांनी, की कुंपण काढायचं. तोपर्यंत तो तुकडा हरणांचा चारा नसतो हे लक्षात ठेवा. कुंपण रान वाचवतं, शिकार देत नाही. तरी एक छोटा, वीस बाय वीस फुटांचा चौकोन प्रत्येकाने घालावा असं मला मनापासून वाटतं. तीन वर्षांनी आत काय आलं आणि बाहेर काय नाही हे पाहिलं की प्रश्न ७ वरचा घरातला वाद मिटतो.

१८. एच-वन-बी व्हिसावर असताना शिकार करता येते का?

संघीय कायद्याप्रमाणे बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. याला अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. परवाना संपला की अपवादही संपतो. हंगामाबाहेर मित्राची बंदूक सहज हातात घेणंही अंगाशी येऊ शकतं, आणि परिणाम थेट व्हिसावर होतो. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट बंदी लागू नाही. धनुष्य आणि क्रॉसबो संघीय कायद्याच्या अर्थाने बंदुका नाहीत, म्हणून व्हिसावरचे बरेच जण तिकडे वळतात. परवाना आणि प्रशिक्षण मात्र त्यालाही लागतं. काहीही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा.

१९. क्लीन अँड ग्रीनची करसवलत आहे. तोडीमुळे ती जाईल का?

पेनसिल्व्हेनियाच्या १९७४ च्या कायद्याखालची ही मालमत्ता करातली सवलत दहा एकर आणि त्यावरच्या रानाला मिळते. लाकूड काढून पुन्हा रान येऊ देणं हा रानाचाच वापर आहे. धोका असतो तो जमिनीचा वापर बदलण्यात. तसं झालं तर सात वर्षांच्या कराचा फरक सहा टक्के व्याजासह भरावा लागू शकतो. केबिन बांधायची असेल किंवा तुकडा विकायचा असेल तर आधी काउंटीच्या कर कार्यालयात विचारा.

२०. आम्ही काही तोडलं नाही, शेजाऱ्याने चाळीस एकर उघडे केले आणि आमची हरणं तिकडे गेली. आता?

तुमची नव्हतीच, कायद्याने ती राज्याची आहेत. आणि ती पूर्ण गेलेलीही नाहीत. मादीचा वावर शेकडो एकरांचा असतो, नराचा त्याहून मोठा. तुमचे वीस-तीस एकर त्यातला एक कोपरा आहेत. शेजाऱ्याकडे आता उन्हाळी चारा आहे, थोड्याच वर्षांत आडोसाही येईल. त्याच्याकडे नसणार ते मोठे ओक आणि हेमलॉक, म्हणून यंदा तुमचे ओक अजिबात तोडू नका. त्यांच्याभोवतीची रेड मेपल काढा, म्हणजे ओकची डोकी पसरून एकॉर्न वाढतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरणं तुमच्याकडे येतील.

मग शेजाऱ्याला भेटा. डीमॅपचा अर्ज दोघांनी एकाच वर्षी केला तर माद्यांची संख्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखी आवरते, आणि त्याच्या चाळीस एकरांत ओक वर येण्याची शक्यताही तितकीच वाढते. तुमचा पहिला तुकडा त्याच्या तुकड्यात अंधार व्हायला लागेल तेव्हा, म्हणजे साधारण दहा-बारा वर्षांनी तोडायचा, एवढं आजच फॉरेस्टरच्या आराखड्यात लिहून घ्या.